क्रिप्टोची धास्ती वाटते? पैसे टाकायच्या आधी ती एकेक करून तपासायची कशी

"क्रिप्टो नको रे बाबा" असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि असं म्हणणाऱ्या माणसाला लगेच जुनाट ठरवलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. क्रिप्टो म्हणजे बिटकॉईनसारखी कॉईन, फक्त कॉम्प्युटरवर असणारी. दादरच्या मार्केटात दहा रुपयांच्या कोथिंबिरीला क्यूआर स्कॅन करणारी, लोकलचा पास मोबाईलवर काढणारी, लाईटबिल फोनवरून भरणारी हीच तर माणसं आहेत. यूपीआय २०१६ ला आलं आणि बघता बघता वडापावच्या गाडीवर पोचलं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायला मुंबईचा माणूस घाबरतो असं काही नाहीये. त्याची धास्ती वेगळ्याच गोष्टींची आहे, आणि मी दादरला लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरायचं काम करते म्हणून मला समोरच दिसतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत.

अडचण एवढीच होते की ही सगळी धास्ती मनात एकत्र होऊन बसते आणि तिला नाव नसतं. मग भाचा, शेजारी, ऑफिसमधला कुणीतरी येऊन "अगं सगळं जग घेतंय" म्हणाला की उत्तर सुचत नाही, माणूस गप्प बसतो, आणि कधी कधी भिडेखातर पैसे टाकून मोकळा होतो. म्हणून एक करा, साधा कागद घ्या आणि त्यावर प्रश्न लिहा. क्रिप्टो चांगलं का वाईट हा प्रश्न नको, त्यावर रात्रभर वाद होतात आणि हाती काही लागत नाही. ज्याचं उत्तर तपासून बघता येतं असे प्रश्न लिहा. खाली मी तेच मांडतेय, ज्या प्रश्नाला जास्त वेळ द्यायला हवा तिथे जास्त लिहिलंय.

पैसे अडकले तर कुणाच्या दारात जायचं?

हा पहिला प्रश्न, आणि मुंबईत तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. लोक शाखांबाहेर उभे राहून रडत होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात अशी एखादी पतपेढी किंवा भिशी बुडाल्याची गोष्ट असते. पण त्या पीएमसीच्या वेळीसुद्धा एक यंत्रणा होती, रिझर्व्ह बँक होती, ठेवींचा विमा होता, तो तेव्हा १ लाखाचा होता आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा झाला, पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी असणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं टप्प्याटप्प्याने पैसे मिळणार, म्हणजे समाधान कुणाचंच नाही झालं, पण निदान कुणाशी भांडायचं ते माहीत होतं.

क्रिप्टोला ह्यातलं काहीच नाहीये. ठेव विमा नाही, बँकिंगचा लोकपाल नाही, शेअरच्या तक्रारीसाठी सेबीकडे जाता येतं तसं इथे जाता येत नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंजना, म्हणजे जिथे क्रिप्टो घेता-विकता येतं त्या ॲपना, मनी लॉन्डरिंगचा कायदा लागू झाला आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि "आम्ही सरकारकडे रजिस्टर्ड आहोत" असं जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा हेच. ते रजिस्ट्रेशन काळ्या पैशावर नजर ठेवायला आहे, तुमचे पैसे सुरक्षित आहेत ह्याची हमी म्हणून नाही. तरीही रजिस्ट्रेशन नसलेल्या ठिकाणी तर पाऊलच टाकू नका, कारण तिथे एवढीसुद्धा नजर नाही.

वझीरएक्स ह्या एक्सचेंजचं काय झालं ते इथे बघाच. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका वॉलेटमधून, म्हणजे कॉईन ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले, ग्राहकांच्या एकूण मालमत्तेच्या जवळजवळ ४५ टक्के. पैसे काढणं थांबलं, आणि इथल्या लोकांचे पैसे परत कसे द्यायचे त्याची योजना मंजूर करायचं काम चाललं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण मूळ कंपनी तिथली. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लॅटफॉर्म परत चालू झाला, म्हणजे सव्वा वर्ष गेलं. जुलै २०२५ मध्ये कॉईनडीसीएक्सवरही हल्ला झाला, सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले, पण तो फटका कंपनीच्या स्वतःच्या पैशाला बसला आणि ग्राहकांचे पैसे शाबूत राहिले असं कंपनीने सांगितलं. दोन्हीकडे फरक कशाने पडला? कुणाचे पैसे कुठे ठेवलेत आणि नुकसान झालं तर भरणार कोण, ह्या एका गोष्टीने.

तर हे तपासायचं कसं. ज्या ॲपचं नाव तुम्हाला सुचवलंय त्याच्या वेबसाईटवर सगळ्यात खाली टर्म्स म्हणून लिंक असते, ती उघडा. सगळं वाचायची गरज नाही, तीन गोष्टी शोधा. करार कुठल्या कंपनीशी होतोय आणि ती कुठल्या देशातली, वाद झाला तर कुठल्या देशाचा कायदा आणि कुठलं शहर, आणि हॅक झालं तर जबाबदारी कुणाची असं लिहिलंय. ह्यातलं शेवटचं वाचून बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. इंग्रजी जड वाटत असेल तर घरातल्या कॉलेजमधल्या मुलांना बसवा, आणि जो तुम्हाला घ्यायला सांगतोय त्यालाच म्हणा, बाबा वाचून दाखव.

आणि तरीही घ्यायचंच असेल तर आधी पैसे परत आणून बघा. पाचशे-हजार रुपये टाका, थोडं कॉईन घ्या, लगेच विका, आणि पैसे तुमच्या बँक खात्यात परत येईपर्यंत काही करू नका. किती गेले, किती आले, किती दिवस लागले ते त्याच कागदावर लिहा. फी, फीवर जीएसटी, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक, टीडीएस हे सगळं त्यात आपोआप दिसतं, कुणी समजावून सांगायची गरज नाही. आत टाकणं सगळीकडेच सोपं असतं, बाहेर काढणं कसं आहे ते आधी कळायला हवं.

किल्ली कुणाकडे आणि माझ्यामागे काय?

कॉईन एक्सचेंजवर ठेवलं तर किल्ली त्यांच्याकडे. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं तर किल्ली तुमच्याकडे, आणि ती किल्ली म्हणजे १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द, ठराविक क्रमाने. त्याला सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द ज्याच्याकडे त्याचा पैसा. हरवले तर गेले, आणि दुसऱ्याने वाचले तरी गेले. बँकेचा पिन विसरलात तर आधार कार्ड घेऊन शाखेत जाता, तिथली बाई थोडी कटकट करेल पण काम होतं. इथे शाखाच नाही. "हे असं कसं चालेल" असं ज्या आजोबांना वाटतं त्यांचं काहीएक चुकत नाही.

एकदा तो कागद प्रत्यक्ष कसा करायचा ते सांगते, कारण लोक इथेच घोळ घालतात. वॉलेट ॲप शब्द दाखवतं तेव्हा सगळ्यात आधी हात जातो स्क्रीनशॉटकडे. तो काढू नका. फोटो गॅलरीत जातो, गॅलरीचा बॅकअप ऑनलाईन जातो, आणि फोन रिपेअरला दिला की दुकानातल्या माणसासमोर उघडा पडतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवणं पण नको, मेलच्या ड्राफ्टमध्ये पण नको. पेनाने लिहा, शब्दापुढे नंबर टाका, एक ते बारा, स्पेलिंग दोनदा जुळवा, मग वॉलेटमध्ये पैसे यायच्या आधीच ॲप काढून टाकून त्या कागदावरून परत उघडतंय का बघा. उघडलं तर कागद बरोबर. मग दोन प्रती, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि दुसरी अशा जागी जिथे पावसाचं पाणी येत नाही, आपल्याकडे जुलैमध्ये कपाटातले कागद कसे होतात ते माहीतच आहे. आणि कुणीही, म्हणजे कस्टमर केअर म्हणून फोन करणारा सुद्धा, हे शब्द विचारायला लागला तर फोन ठेवून द्या, खऱ्या माणसाला त्याची कधीच गरज नसते.

आता माझ्यामागे काय. एफडीला नॉमिनी असतो, एलआयसीला असतो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटलाही असतो. तुमच्या एक्सचेंजच्या खात्यात नॉमिनी टाकायची सोय आहे का ते बघा, नसेल तर घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला निदान एवढं माहीत हवं की असं खातं आहे, कुठल्या ॲपवर, कुठल्या नंबरवर, आणि वॉलेट असेल तर कागद कुठे. नवरा गेल्यावर बायकोला फक्त "त्यांचं काहीतरी ऑनलाईन होतं" एवढंच माहीत, असं व्हायला नको.

कॅनडातल्या क्वाड्रिगासीएक्स नावाच्या एक्सचेंजचा मालक गेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच जयपूरला वारला. किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या असं ग्राहकांना सांगण्यात आलं आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. नंतर ओंटारियोच्या सिक्युरिटीज कमिशनने चौकशी केली तेव्हा निघालं वेगळंच, ग्राहकांचे बरेचसे पैसे त्याने जिवंतपणीच उडवले होते, सरळसरळ फ्रॉड. बाहेरून बघणाऱ्याला ह्या दोन्हीतला फरक कित्येक महिने कळला नाही, ही मला त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते.

पाठवतानाचं पण एक. एनईएफटी करताना खातेनंबर अस्तित्वातच नसला तर पैसे परत येतात. इथे चुकीच्या ॲड्रेसवर पाठवलं किंवा नेटवर्क, म्हणजे कॉईन ज्या मार्गाने जातं तो, चुकीचं निवडलं तर बऱ्याचदा परत आणायला कुणी नसतं. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये घुसून कॉपी केलेला ॲड्रेस बदलणारे व्हायरस पण असतात, आणि तुमच्या जुन्या व्यवहारांमध्ये सुरुवात-शेवट सारखा दिसणारा खोटा ॲड्रेस घुसवणारे लोकही. म्हणून पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही, पूर्ण जुळवा, आधी अगदी छोटी रक्कम पाठवा, ती पोचली की मगच बाकीची.

टॅक्सचा हिशोब, जो कुणी सांगत नाही

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त धक्का लोकांना इथे बसतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स, वर ४ टक्के सेस. तुमचं बाकी उत्पन्न कमी असलं तरी बेसिक सूट ह्या कमाईला लागत नाही, म्हणजे घरी असणाऱ्या बाईने किंवा शिकणाऱ्या मुलाने कमावले तरी तेच ३० टक्के. पण खरा फटका तोट्याचा बसतो. समजा वर्षभरात एका कॉईनमध्ये ४०,००० फायदा झाला आणि दुसऱ्यात ५०,००० तोटा. तुमच्या खिशातून १०,००० गेले, तुम्ही म्हणाल टॅक्सचा प्रश्नच येत नाही. येतो. तोटा फायद्यातून वजा होत नाही, दुसऱ्या कॉईनचा असला तरी नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे ४०,००० वर १२,००० टॅक्स आणि ४८० सेस, एकूण १२,४८०. दहा हजार बुडालेले आणि वरून साडेबारा हजार भरायचे. शेअरमध्ये असं नसतं, म्हणून शेअर करणाऱ्या माणसाला हे आधी खोटंच वाटतं, कागदावर मांडून दाखवलं की तो खुर्चीत मागे टेकतो.

खरेदीची किंमत सोडली तर दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही. एक कॉईन देऊन दुसरं घेतलं, रुपये हातात आलेच नाहीत, तरी तो विकल्याचा व्यवहार धरला जातो. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर नाही हं, रकमेवर. लाखाला हजार. तो तुमच्या नावावर जमा होतो, रिटर्नमध्ये मिळतो, पण तोपर्यंत अडकतो, आणि रोज घे-वीक करणाऱ्याचं भांडवल तसंच झिजत जातं. पगारदार माणसाला सवय असते आयटीआर-१ ची, क्रिप्टो असलं की तो चालत नाही, २ किंवा ३ भरावा लागतो आणि त्यात प्रत्येक व्यवहार वेगळा दाखवावा लागतो. टीडीएस कापला गेलाय म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांना आधीच माहीत आहे, तेव्हा "छोटी रक्कम आहे, नको दाखवू" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

करायचं काय, तर दर तीन महिन्यांनी एक्सचेंजवरून व्यवहारांची फाईल डाऊनलोड करून ठेवा. मार्चची वाट बघू नका. कारण एक्सचेंज बंद पडतात. कॉईनेक्स जून २०१९ मध्ये बंद झालं, झेबपेने सप्टेंबर २०१८ मध्ये इथलं एक्सचेंज थांबवलं होतं आणि नंतर परत चालू केलं. बंद पडलेल्या ॲपवरून हिशोब काढणं म्हणजे नुसती डोकेदुखी.

ह्यालाच जोडून तो नेहमीचा प्रश्न, हे कायदेशीर आहे का. बंदी नाही, पण हे चलनही नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका म्हणून सांगितलं, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२ ला टॅक्स आला. टॅक्स घेतात म्हणजे सरकारने चांगलं म्हटलं असा अर्थ नाही. नियम पुढेही बदलू शकतात हे धरूनच चाला, आणि माणूस बिचकतो त्यात हेही एक मोठं कारण आहे, आज घेतलं आणि उद्या नियम फिरला तर.

अजून एक गोंधळ दूर करते. ई-रुपया म्हणजे क्रिप्टो नाही. तो रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया आहे, १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत त्याचा प्रयोग सुरू झाला, एक ई-रुपया म्हणजे एक रुपयाच, त्यात नफा नाही. "सरकारी डिजिटल कॉईनमध्ये गुंतवा, दुप्पट होतील" असं कुणी म्हणाला तर तो खोटं बोलतोय, एवढं पक्कं.

खातं फ्रीज का होतं

पीटूपी म्हणजे एक्सचेंजला मध्ये ठेवून दुसऱ्या अनोळखी माणसाशी थेट व्यवहार. तुम्ही यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं एक कॉईन, देता, तो तुमच्या खात्यात रुपये टाकतो. आता ते रुपये कुठून आले? बऱ्याचदा फसवल्या गेलेल्या कुठल्यातरी माणसाच्या खात्यातून फिरत फिरत आलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती सगळी साखळी पोलीस बँकांना कळवतात, आणि एक दिवस तुमचं पगाराचं खातं गोठतं. पोलीस स्टेशन दुसऱ्याच राज्यातलं. ईएमआय बाऊन्स, सोसायटीचा मेंटेनन्स राहिला, मुलांची फी राहिली, आणि तुम्ही कुणालाही फसवलेलं नसतं. माझं स्पष्ट मत, सामान्य माणसाने पीटूपी करूच नये, भाव दोन रुपये जास्त मिळतो म्हणून तर नाहीच.

झालंच तर घाबरून शाखेत ओरडाआरडा करून उपयोग नाही. शाखेतून लेखी घ्या, तक्रारीचा नंबर काय, कुठलं पोलीस स्टेशन, आणि वादातली रक्कम किती. मग अर्ज द्या की तेवढ्याच रकमेवर रोक लावा, पूर्ण खातं अडवू नका. ऑर्डरचा तपशील, समोरच्याशी झालेलं चॅट, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर), एक्सचेंजचं स्टेटमेंट हे सगळं जोडून त्या पोलीस स्टेशनच्या मेलवर पाठवा आणि पोच ठेवा. "आम्ही सोडवून देतो, इतके टक्के द्या" म्हणणारे एजंट ह्या काळात बरोबर शोधत येतात, त्यांच्यापासून लांब राहा.

कोण घेऊन आलंय, हे बघा

पुण्यातून गाजलेलं गेनबिटकॉईनचं प्रकरण आठवत असेल, महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं, बिटकॉईन आम्हाला द्या आम्ही मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटर लावून नवीन बिटकॉईन मिळवायचं काम, करतो म्हणून. पुढे परतावा बिटकॉईनऐवजी त्यांच्याच एमकॅप नावाच्या टोकनमध्ये द्यायला लागले, ज्याला बाहेर किंमत नव्हती. २०१८ ला अटका झाल्या, प्रकरण सीबीआयकडे गेलं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या शोरूमबाहेर जी गर्दी उसळली ती क्रिप्टोची स्कीम नव्हती, खड्यांच्या दागिन्यांची होती, पण चाल तीच, दर आठवड्याला ठराविक पैसे आणि नवीन माणूस आणला की वर बोनस. भाजीवाल्यांपासून सगळे अडकले. म्हणून कॉईनचं नाव काय ते नंतर, आधी हे विचारा की परतावा ठराविक सांगतायत का आणि माणसं जोडायला सांगतायत का. दोन्हीपैकी एकाचं उत्तर हो आलं की पुढे बोलणं थांबवा. बिटकॉईनचा भाव उद्या काय असेल ते कुणालाच माहीत नाही, तर महिन्याला १० टक्के देणारा ते कुठून देणार?

दुसरा प्रकार सध्या जास्त चालतो. टेलिग्रामवर ग्रुप, त्यात रोज नफ्याचे स्क्रीनशॉट, एक "मॅडम" शिकवतात, लिंकवरून ॲप डाऊनलोड करायला लावतात, प्ले स्टोअरवरून नाही. ॲप उघडलं की वर तुमचं नाव, खाली डॉलरमध्ये आकडा, हिरवा, आणि तो दर तासाला वाढताना दिसतो. सुरुवातीला दोन हजार काढून बघा म्हणतात, येतातही खात्यात. विश्वास बसतो. मग मोठी रक्कम जाते, आकडा लाखांवर जातो, आणि काढायला गेलं की मेसेज येतो, आधी ३० टक्के टॅक्स भरा मग पैसे सुटतील. इथे लक्षात ठेवा, टॅक्स ॲपला आगाऊ भरायचा नसतो, कधीच नाही, तो तुम्ही इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून सरकारला भरता. तो हिरवा आकडा म्हणजे कुणीतरी टाईप केलेला नंबर, त्यामागे एकही कॉईन नसतं. वर मी छोटी रक्कम परत आणून बघा म्हणाले ना, ती तपासणी खऱ्या, रजिस्टर्ड एक्सचेंजसाठी, अशा लिंकवाल्या ॲपला ती लावू नका, कारण त्यांचा धंदाच पहिले पैसे परत देण्यावर चालतो.

भावाचं थोडक्यात. बिटकॉईन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात १६,००० च्या घरात आलं, डिसेंबर २०२४ मध्ये १ लाख ओलांडून गेलं. हे ऐकून एकाला वाटतं केवढं वाढलं, दुसऱ्याला वाटतं केवढं पडलं, आणि दोघंही बरोबर. तुम्ही एवढंच बघा की हे पैसे कुठल्या तारखेला लागणार आहेत. जूनमधली फी, डिपॉझिट, ऑपरेशन, लग्न, ज्या पैशाला तारीख आहे तो इथे नको. आणि "स्टेबल" नाव वाचून निर्धास्त होऊ नका, मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचं एका डॉलरला बांधलेलं कॉईन घसरलं आणि त्याच्या जोडीचं लुना ८० डॉलरवरून काही दिवसांत एका सेंटच्याही खाली गेलं.

आता घरातलं बोलणं. भाचा म्हणतो, "आत्या, तू पण ना, एफडीत काय मिळतं?" तर त्याला झिडकारू नका, त्याचा हेतू वाईट नसतो. कागद पुढे करा. "बरं, मला सांग, हॅक झालं तर मी कुणाकडे जायचं? तू पैसे परत काढलेत का कधी? मागच्या वर्षीचं रिटर्न कुठलं भरलंस?" तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच मुलांची गाडी अडते, आणि त्यात त्यांचंही भलं होतं, कारण रिटर्नमध्ये दाखवलेलंच नसतं. उत्तरं नीट आली, तुम्हाला पटली, आणि बुडाले तरी घर चालेल एवढी रक्कम बाजूला असेल तर घ्या, त्यात गैर काही नाही. नाही पटली तर "नको" एवढं पुरे आहे, त्याला कारण द्यावं लागत नाही.

आणि घरातल्या कुणी, विशेषतः मोठ्यांपैकी, आधीच कुठल्यातरी ॲपमध्ये पैसे घातले असतील तर आधी रागावू नका, रागावलात की उरलेलं लपवतात, आणि बऱ्याचदा ते सोडवायला अजून पैसे भरत राहतात. शांतपणे बसवा, आणखी एक रुपयाही जाऊ देऊ नका, ॲप काढून टाकू नका कारण त्यात पुरावा आहे, सगळ्याचे स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर, ज्या वॉलेट ॲड्रेसवर पाठवलं तो, ग्रुपचं नाव, फोन नंबर एकत्र करा. पैसे नुकतेच गेले असतील तर हे गोळा करत बसायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा, कारण बँकेत थांबलेला पैसा अडवता येतो, तो क्रिप्टोत बदलून बाहेर गेला की फार कठीण होतं. मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, तिचा नंबर घेऊन बँकेत आणि जवळच्या पोलीस स्टेशनला. जाताना त्यांना एकटं पाठवू नका, सोबत जा.